सोडलेली बोट

दाभोळच्या धक्क्यावर आम्ही एक फेरीबोट सोडून दिली. बोट लागलेली होती, तिची लोखंडी फळी खाली उतरली होती, तिकीट ह्यांच्या खिशात होतं आणि खलाशी आमच्या गाडीकडे बघून ‘या, या’ करत होता. ह्यांनी हातानंच त्याला ‘जा’ म्हणून सांगितलं. दोन रिक्षा, एक टेम्पो, काही मोटारसायकली आणि शाळेची पोरं घेऊन बोट धोपाव्याकडे निघाली. मागे डिझेलचा वास आणि वाशिष्ठीचं ढवळलेलं मातकट पाणी. आम्ही टपरीच्या बाकड्यावर तसेच बसून राहिलो, कारण हे बोलत होते. आपल्या आईबद्दल बोलत होते. सासूबाईंना जाऊन वर्ष उलटलं, पण औषधं, बिलं आणि दाखले यांच्यापलीकडे त्यांच्याविषयी ह्यांच्या तोंडून काही निघालं नव्हतं. त्या बाकड्यावर, चहाचा ग्लास तळहातांत धरून, त्यांनी लहानपणीची एक आठवण काढली. आई नदीवर धुणं घेऊन जायची तेव्हा ह्यांना सोबत न्यायची आणि पिळताना लुगड्याचं एक टोक धरायला लावायची. नऊवारी ओलं लुगडं पोराच्या हातांना ओढ लावायचं, आणि आई पलीकडून हसत म्हणायची, सोडू नको हं. त्या लुगड्याचं वजन ह्यांना अजून हातात जाणवत होतं. अशा वेळी बोट लागली म्हणून उठायचं तरी कसं?

बोट धक्क्यापासून थोडीशीच सुटली असेल, तेवढ्यात एक बाई धावत आली. चाळिशीची असावी. एका हातात पिशवीत घातलेला स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात चपला. पाण्याच्या कडेपर्यंत गेली, थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि लांब जाणाऱ्या बोटीकडे बघत राहिली. मग परत फिरून आमच्याच बाकड्याच्या टोकाला टेकली. आमची गाडी तिथंच उभी बघून म्हणाली, “तुमची पण चुकली काय?” हे म्हणाले, “नाही, आम्ही सोडली.” तिनं आमच्याकडे पाहिलं. आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे.

“मुद्दाम?”

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला ते खरोखरच उमगत नव्हतं. तिची आई शृंगारतळीच्या एका दवाखान्यात होती, डॉक्टर दुपारी निघून जायच्या आत तिला पोचायचं होतं, रिक्षा मिळायला उशीर झाला होता. आणि इथं दोन माणसं लागलेली बोट सोडून चहा पीत बसली होती. आम्ही चढलो असतो तरी तिची बोट चुकायचीच, हे मला कळतं. तरीसुद्धा त्या प्रवासातलं दुसरं काहीही इतकं मनात रुतून बसलेलं नाही. कारण काही वर्षांमागे मी तिच्या जागी होते. हातात डबा, डोक्यात डॉक्टरांची वेळ, आणि रस्त्यात निवांत उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाचा मनातून हेवा.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून आम्ही दोघं एकत्र कुठं गेलोच नव्हतो. एक बाहेर तर दुसरं घरात, असा तो संसार झाला होता. लग्नाला आम्ही पुढे-मागे जायचो, सिनेमा तर सुटलाच. एकमेकांशी बोलायचो ते बहुतेक कुशी बदलण्याबद्दल आणि पाण्याच्या गादीबद्दल. त्या गेल्या, नंतर हे बँकेतून निवृत्त झाले, आणि घरात एकाएकी इतका वेळ साचला की तो कुठं ठेवावा कळेना. त्यांच्या खोलीतली ती वरखाली होणारी लोखंडी कॉट तशीच होती. आम्ही दोघंही त्या खोलीत जाऊन खिडकी उघडायचो आणि बाहेर यायचो. एका संध्याकाळी हे म्हणाले, “आपण कोकणात जाऊ. हायवेनं नको. समुद्राच्या कडेकडेनं. जिथं ऊन उतरेल तिथं राहू.” हे वाक्य ह्यांचं होतं यावर माझा विश्वास बसेना. कोल्हापूरला जायचं तरी पहाटे चारला गाडी काढणारा, साताऱ्याला किती मिनिटं चहा हे आधी सांगणारा माणूस हा.

फाल्गुन लागला होता. रेवदंड्याला रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो, आणि शिरल्यावरही आपण किल्ल्यात आहोत हे पटकन ध्यानात येत नाही. पोर्तुगीजांच्या भिंती आणि त्यांच्या पोटात नारळी-पोफळीच्या वाड्या. रहाटाचा जमाना गेला, आता पंपाचं पाणी पाटातून वाहतं, पण तो ओल्या मातीचा आणि कुजत्या झावळ्यांचा वास तसाच असणार. कुंडलिका ओलांडली की कोर्लई. गडावर चढलो, खाली दीपगृह आणि दोन्ही बाजूंना पाणी बघितलं, पण मला गडापेक्षा गाव लक्षात राहिलं. 1740 मध्ये पोर्तुगीज चौल आणि हा परिसर मराठ्यांच्या हाती सोडून गेले. गावातल्या ख्रिस्ती घरांमध्ये त्यांची बोली मात्र राहिली, मराठीशी मिसळत मिसळत. विहिरीपाशी दोघी म्हाताऱ्या तसल्या भाषेत बोलत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही, पण सुनेबद्दल बोलत असाव्यात असं त्यांच्या हातवाऱ्यांवरून वाटलं. सैन्य गेलं, व्यापार गेला, गलबतं गेली, आणि राज्याच्या खुणांतली सगळ्यात जिवंत खूण स्वयंपाकघरात उरली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. किल्ल्यांवर आपण तोफा मोजतो. घरात काय उरलं ते कुणी विचारत नाही.

राजपुरीला शिडाच्या होडीत बसून जंजिऱ्यावर गेलो. कलालबांगडी तोफेभोवती फोटोंची गर्दी होती. वाटाड्या ‘अजिंक्य, अजिंक्य’ म्हणत होता आणि मला त्या जागी सारखा लाय पाटील आठवत होता. मोरोपंतांच्या मोहिमेत ह्या कोळ्यानं रात्री तटाला शिड्या लावल्या आणि माणसांची वाट बघत राहिला. माणसं आलीच नाहीत, उजाडायला लागलं, शिड्या काढून परत फिरावं लागलं. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला तर तो म्हणाला म्हणतात, आम्ही दर्यावर्दी, आम्हाला पालखी काय कामाची. मग त्याला गलबत दिलं. ही कथा लहानपणी ऐकली तेव्हा गलबताचं कौतुक वाटलं होतं. आता मात्र मनात ती रात्र आली. काळोखात, लाटांच्या आवाजात, शत्रूच्या तटाखाली, आत्ता येतील, आत्ता येतील म्हणत थांबलेला माणूस. आमच्या होडीवाल्यानं हाक मारली तेव्हा मी दचकले.

समोर पद्मदुर्ग. तिथं जायची सोय रोज नसते, पण आम्हाला एक होडी मिळाली आणि भरतीचं गणित जमलं. महाराजांनी तो जंजिऱ्याच्या तोंडासमोर, कासा बेटावर बांधून घेतला. त्याच्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्यानं आणि लाटांच्या तुषारांनी आत आत झिजत गेलेत, आणि दोन दगडांमधला चुना मात्र जसाच्या तसा उभा आहे. मधमाश्यांच्या रिकाम्या पोळ्यासारखी भिंत दिसते. मी बराच वेळ तिच्यावरून हात फिरवला. दगड जाऊन दगडांना धरून ठेवणारं शिल्लक राहावं, हे पाहून मला आमच्या घराची आठवण झाली आणि का झाली ते ह्यांना सांगावंसं वाटलं नाही. हेही काही न बोलता दुसऱ्या एका भोकात बोट घालून बघत होते.

आगरदांड्याहून दिघीला पहिली फेरीबोट घेतली. ह्या किनाऱ्यावर खाड्या इतक्या की रस्ता दर थोड्या वेळानं पाण्यापाशी येऊन थांबतो. हायवेवर आपण गाडी थांबवतो. इथं गाडी थांबवली जाते. पहिल्या बोटीला हे घड्याळ बघत होते. बाणकोटच्या खाडीला, बागमांडल्याहून वेसवीला जाताना, गाडीतून उतरून कठड्याशी उभे होते. फरक मला तिथं दिसला. मधल्या मुक्कामांत श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीत झोपलो. श्रीवर्धन म्हटलं की पेशव्यांचं मूळ गाव, पण घरमालकीणबाईंना बाळाजी विश्वनाथांपेक्षा निसर्ग वादळात आडव्या झालेल्या पोफळींचं दुःख ताजं होतं. 2020 च्या जूनमध्ये एका सकाळीत वाडी रिकामी झाली. नवी झाडं लावलीत, ती धरायला वर्षं लागतात. “आम्ही लावायची, खायची नातवंडांनी,” असं म्हणून त्यांनी आमच्या ताटात आणखी एक आंबोळी घातली. हरिहरेश्वरला ओहोटी बघून प्रदक्षिणेला उतरलो. कातळातल्या अरुंद घळीतून पायऱ्या खाली जातात आणि एकदम समुद्र अंगावर येतो. ह्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी पुढे होऊन हात दिला. सासूबाईंना उठवताना जसा द्यायचे तसाच, काखेखाली. हाताला ती सवय लागली आहे.

वेळासला कासवांची पिल्लं बघितली. नाना फडणविसांचं हे गाव. त्यांच्यापेक्षा आता कासवांसाठी ओळखलं जातं. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं आणि गावकऱ्यांनी मिळून ऑलिव्ह रिडलेची अंडी जपायला घेतली. जिथं अंडी चोरून खायची रीत होती, तिथं आता वाळूत कुंपण घालून घरटी राखतात. पहाटेच्या थंडीत आम्ही दोरीच्या अलीकडे ओळीनं उभे राहिलो. टोपली उलटी करून उचलली तर त्या दिवशी तीनच पिल्लं निघाली. तळहाताहून लहान, ओल्या कोळशाच्या रंगाची. त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात, आणि तिथून पुढे हात लावायचा नाही. एक पिल्लू सारखं मागे वळत होतं. गर्दीतली मुलं ओरडत होती, ‘काका, त्याला उचला ना!’ राखणदार नुसता बसून होता. त्याचं बसणं मला बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. आजाऱ्याची शुश्रूषा करताना कधी हात लावायचा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. कधी लावायचा नाही हे मला शेवटच्या दोन महिन्यांत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, इतकंच तेव्हा वाटलं. पिल्लू शेवटी लाटेत गेलं. हे म्हणाले, “चला, पोहे खाऊ.”

केळशी, आंजर्ले असं करत हर्णैला संध्याकाळी पोचलो. सुवर्णदुर्ग समोर पाण्यात, उन्हाची शेवटची तिरीप तटावर. 2025 साली युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात हा आहे. बंदरावर मात्र त्या वेळी किल्ल्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते. लिलाव चालू असतो. बैलगाड्या पाण्यात घातलेल्या, होड्यांतून टोपल्या उतरताहेत, वाळूवर कोळंबी, बांगडे आणि सुरमयांचे ढीग, आणि प्रत्येक ढिगाभोवती बायकांचं कडं. बोली कधी सुरू झाली आणि कधी संपली कळतही नाही. ह्यांना मासळीचा वास सोसत नाही, ते नाकाला रुमाल लावून लांब उभे राहिले, पण निघायला तयार नव्हते. पैशांचा हिशेब तोंडी, इतक्या वेगानं आणि एकही चूक न होता चाललेला बघून बँकेतला माणूस खूश झाला होता. जवळच्या मुरुडला गेलो. महर्षी कर्व्यांचं गाव. परीक्षेसाठी हा मुलगा इथून सह्याद्री चढून पायी साताऱ्याला गेला, आणि तिथल्या साहेबाला तो वयानं लहान दिसला म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. परत पायी. आपल्याला कोकणातला संथपणा गोड वाटतो तेव्हा त्या मुलाची वाट लक्षात ठेवायला हवी. रस्ते नव्हते म्हणून माणसं संथ होती, आणि त्या संथपणानं पुष्कळांची परीक्षा चुकली.

दाभोळला आम्ही दोन जागा पाहिल्या. चंडिकादेवी गुहेत आहे आणि आत विजेचा दिवा नाही, फक्त समया. बाहेरच्या लखलखत्या उन्हातून वाकून आत गेलं की काही क्षण काहीच दिसत नाही. हाताला दगड लागतो, पायाला गारवा, पुढच्या माणसाच्या बांगड्यांचा आवाज. मग हळूहळू देवी दिसायला लागते. दुसरी जागा बंदराजवळची मशीद, तिला अंडा मशीद म्हणतात. विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली स्त्री मक्केला निघाली, दाभोळला येऊन अडकली, जहाज पुढे जाईना, तेव्हा सोबत आणलेलं धन तिनं ह्या मशिदीला लावलं अशी गोष्ट गावात सांगतात. घुमटाच्या बाहेरून पारवे, आत सावली. ह्याच बंदरातून एके काळी मक्केची जहाजं सुटत, घोडे उतरत, कापड जात असे. आता खाडीत गाळ आहे आणि धक्क्यावर ती फेरीबोट. ती 2003 मध्ये सुरू झाली. त्याआधी गाडी घेऊन पलीकडे जायचं तर चिपळूणवरून वळसा, म्हणजे अर्धा दिवस. माझ्या आजीचं माहेर अलीकडे आणि सासर पलीकडे होतं. तिच्या अंगणातून माहेरच्या डोंगरावरचा वणवा दिसायचा; पण तिथं जाणं व्हायचं वर्षाकाठी एकदा, होडीनं, तेही पावसाळ्याआधी. तिच्या आईची शेवटची खबर होडीवाल्याबरोबर आली तेव्हा पाऊस लागला होता. आजी हे सांगताना रडायची नाही. खाडीकडे हात करायची.

हे सगळं मनात असताना ती बाई बाकड्यावर टेकली होती.

पुढच्या बोटीत आम्ही तिला गाडीत बसवलं. शृंगारतळीपर्यंत सोडतो म्हटलं तर आधी नको म्हणाली, मग बसली, डबा मांडीवर घट्ट धरून. डब्यात पेज होती. आईला दवाखान्यातलं खाणं जात नाही, पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा हवा असतो, तो डॉक्टर देऊ देत नाहीत, म्हणून तिनं पेजेत नुसतं मीठ जरा जास्त घातलं होतं. ह्यांनी गाडी चालवता चालवता विचारलं, आईंचं वय काय, काय झालंय, झोप लागते का. सगळे प्रश्न बरोबर होते. आजारी माणसाच्या घरात वर्षं काढलेल्यालाच असे विचारता येतात. तिला ते कळलं. “तुमच्याकडे पण होतं वाटतं कुणी,” ती म्हणाली. हे म्हणाले, “आई होती.” मग बराच वेळ नुसता गाडीचा आवाज. मला वाटलं, मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला इथं मिळालं असावं. किंवा नसेलही.

एका वाडीत गाडी थांबली. समोर पालखी. शिमगा होता, ग्रामदेवता घरोघर निघाली होती, रस्ता माणसांनी भरलेला. ढोल-ताशे, गुलालानं माखलेली पोरं, मुंबईहून आलेल्या गाड्या कडेला लावलेल्या, चाकरमानी शर्टाची बटणं उघडी टाकून घामेघूम नाचत होते. काळा अंगरखा आणि उंच टोपीचा संकासुर गाडीच्या काचेवर टिचक्या मारत होता. मी घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टर निघायची वेळ जवळ आली होती. ह्यांनी हॉर्नकडे हात नेला आणि मागे घेतला. मी मागे वळून बघितलं तर बाई गाडीत नव्हती. दार उघडून उतरली होती. पदर डोक्यावर घेऊन पालखीपाशी गेली, पालखी जमिनीवर टेकली तशी वाकली, ओटीला तिच्याजवळ काही नव्हतं म्हणून कुणाकडून तरी नारळ मागून घेतला. मानकऱ्यानं गाऱ्हाणं घातलं. आईचं नाव, गावाचं नाव, दुखणं, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या जमावाचं ‘होय महाराजा’. तिला ओळखणारे तिथं दोघंतिघं असतील, पण ‘होय महाराजा’ सगळे म्हणाले, मुंबईची पोरंही. मी गाडीतून उतरले होते. माझ्या तोंडूनही तेच आलं. बोट चुकली म्हणून चपला हातात घेऊन धावणारी बाई, इथं तेवढाच वेळ गेला असेल, कदाचित जास्तच, पण तिच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. परत आली तेव्हा कपाळाला गुलाल होता आणि डब्याचं झाकणही लाल झालं होतं. “चला,” म्हणाली. दवाखान्याच्या दाराशी उतरताना डॉक्टरांची गाडी अजून उभी होती. ती आत गेली. आम्ही तिचं नावही विचारलं नव्हतं.

त्या रात्री वेळणेश्वरला समुद्राच्या आवाजात आम्हा दोघांनाही झोप नव्हती. मला वाटत होतं की आमची फुरसत तिच्या धावपळीवर फुकटची बसलेली आहे. हे म्हणाले, नाही, ती फुरसत आपण आधी भरून दिलेली आहे. मला तसा हिशेब पटत नाही. आजारपण म्हणजे हप्ते नव्हेत, की ते फेडल्यावर मोकळं आयुष्य मिळावं. ज्यांची माणसं सुटतच नाहीत, ज्यांना पेन्शन नाही, त्यांनी किती भरायचं? आम्ही बराच वेळ वाद घातला. असा वाद घालूनही आम्हाला वर्षं झाली होती.

तवसाळहून जयगडला पुन्हा बोट. मालगुंडला केशवसुतांचं घर, शेणानं सारवलेलं, कौलारू, नीट राखलेलं. मग गणपतीपुळे, आरे-वारेचा तो चढ जिथून दोन्ही किनारे एकदम दिसतात, आणि रत्नागिरी. थिबा राजवाड्यात आम्ही जवळजवळ सगळी सकाळ काढली. ब्रह्मदेशाच्या ह्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून हद्दपार केलं, दुसऱ्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि तो 1916 मध्ये इथंच मेला. राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये. तोवर आयुष्याचं बहुतेक सरलं होतं. राजवाडा सुंदर आहे, सागवानी, हवेशीर, खाडीकडे तोंड केलेला. पण त्या गॅलरीत मला उभं राहवेना. ह्या माणसाला वेळच वेळ होता. कुणी घाई करत नव्हतं, कुठं पोचायचं नव्हतं. समोर पाणी होतं आणि त्या पाण्यावरून घरी जायला मनाई होती. 1919 मध्ये राणी परत गेली. थोरल्या राजकन्येनं राजवाड्यावरच्या एका मराठी नोकराशी घर केलं. तिची मुलगी टुटू इथंच वाढली, मराठी बोलली, गरिबीत राहिली आणि रत्नागिरीतच म्हातारी झाली. कोर्लईच्या विहिरीवरच्या त्या दोघी मला इथं आठवल्या. राजवाड्यातल्या वस्तू काचेच्या कपाटांत आहेत. त्या मुलीच्या चुलीपाशी कुठली भाषा किती दिवस टिकली असेल, ह्याचा विचार करत मी पायऱ्या उतरले.

भाट्याच्या पुलावरून गाडी खाडी कधी ओलांडून गेली ते कळलंही नाही. पावस, पूर्णगड, पुढे जैतापूरची खाडी, सगळीकडे पूल. पूर्णगडाच्या छोट्या तटावर बसून हे म्हणाले, इथंही पूर्वी तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, असणार. आता रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गावर राहिलेल्या खाड्यांवरही पूल घालायचं ठरलं आहे. ते व्हायलाच हवेत, ह्यात माझ्या मनात आता किंतु नाही. आजीच्या आईची खबर पावसात होडीतून यायला नको होती. पण पुलाचं बांधकाम आखणाऱ्यांनी दोन्ही काठांवर माणसं बसतील अशी जागा ठेवावी, झाडं ठेवावीत, धक्के बुजू देऊ नयेत, आणि एखादी बोट चालू ठेवावी, असं मला फार मनापासून वाटतं. हे म्हणाले, पूल असताना बोटीला प्रवासी मिळणार नाहीत, आकडे जमणार नाहीत. नसतील जमत. रेल्वे आली तरी आपण पायी वारी ठेवलीच ना, मी म्हटलं. त्यावर ते गप्प झाले, पण पटल्यासारखे नव्हे.

विजयदुर्गाला तिहेरी तटावरून फिरलो. 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आले तेव्हा आंग्र्यांचं आरमार ह्याच खाडीत जळालं, आणि ते इंग्रजांना पेशव्यांशी संगनमत करून जाळता आलं. आपलं आरमार आपणच बुडवलं हे मला शाळेपासून डाचतं. तिथं उभं राहिल्यावर अधिकच. ह्यांच्याशी त्यावर बोलायला गेले तर ते म्हणाले, आज नको. देवगडला झाडांवर कैऱ्या धरलेल्या, कागदाच्या टोप्या घातलेल्या. कुणकेश्वर करून मालवणला आलो आणि दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्गात. 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी ज्याचं बांधकाम सुरू केलं त्या तटाच्या आत अजून काही घरं नांदती आहेत. चहूकडे खारं पाणी आणि मधे दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या तीन गोड विहिरी. एका घराच्या ओट्यावर आम्ही कोकम सरबत प्यायलो. आत एक आजी खाटेवर पडून होत्या आणि त्यांची सून त्यांची वेणी घालत होती. ह्यांनी तिकडे पाहिलं, आणि मग पाहतच राहिले. सून म्हणाली, या की आत. हे आत गेले. आजींशी काय बोलले मला ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा डोळे पुसलेले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

परतीच्या होडीत माणसं दाटीनं बसली होती, इंजिनाचा आवाज, पाण्याचे शिंतोडे. धक्क्यावर उतरल्याबरोबर ह्यांनी खिशातून फोन काढला. घराजवळ रुग्णसाहित्य देणारी एक संस्था आहे. गरजूंना कॉट, व्हीलचेअर, वॉकर वापरायला देते. तिचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये होता, कधीपासून होता मला माहीत नव्हतं. आमच्याकडे कॉट आहे, चांगल्या स्थितीत, हँडल जरा घट्ट फिरतं, तेवढं तेल घाला, गादीसकट न्या, असं सगळं त्यांनी नीट सांगितलं. पलीकडून विचारलं असावं, कधी येऊ. “सोमवारी या,” हे म्हणाले. मी बोटांनी खूण केली, सोमवारपर्यंत आपण पोचत नाही. अजून तारकर्ली राहिली होती, वेंगुर्ल्याला एक दिवस राहायचं म्हणत होतो, शिरोड्याला मिठागरं बघायची होती. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

“मग बुधवारी,” ते फोनमध्ये म्हणाले. “नाही तर असं करा, आम्ही पोचलो की कळवतो.”